होशरुबाचा कोतवाल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जे राज्य कुठल्याच नकाशावर नाही, तिथला कारभार कसा चालतो? टपाल कोण नेतं, फितुराला शिक्षा काय, बढती कुणाला मिळते आणि रयतेला आपला राजा आवडतो का? हे प्रश्न पोरकट वाटतील, पण मला त्यांनी चाळीस वर्षं सोडलेलं नाही. मी दिवेआगरचा. आमच्या घरात बोली कोकणी, शाळा मराठी आणि कपाटातली पुस्तकं उर्दू. त्यामुळे काल्पनिक राज्यं माझ्याकडे तीन वाटांनी चालत आली. आज त्यातल्या एकाबद्दल जरा सविस्तर आणि बाकीच्यांबद्दल ओझरतं बोलणार आहे.

त्या राज्याचं नाव तिलिस्म-ए-होशरुबा. तिलिस्म म्हणजे जादूनं बांधलेला मुलूख, आणि होशरुबा म्हणजे शुद्ध हरपून टाकणारा. अमीर हमजाच्या दास्तानीतला हा एक भाग. हमजाची दास्तान मुळात इराणातून आली, पण वाढली ती हिंदुस्थानात. अकबर बादशहाला तिचं इतकं वेड होतं की त्यानं चित्रकारांची फौज बसवून तिची सुमारे चौदाशे मोठी चित्रं करवून घेतली. त्या कामाला पंधराएक वर्षं लागली. आज त्यातली दोनशेसुद्धा शिल्लक नाहीत. काही चित्रं १८८१ साली एका इंग्रज अधिकाऱ्याला श्रीनगरात सापडली, ती तिथं खिडक्यांची भोकं बुजवायला लावलेली होती. थंडीचे दिवस, वारा आत येतोय, आणि बादशाही चित्र खिडकीला. मला त्यात काही वाईट वाटत नाही. चित्रानं ऊब दिली म्हणायचं.

होशरुबाचा मुलूख मात्र अकबराच्या वेळी नव्हता. तो हिंदुस्थानी दास्तानगोंनी, म्हणजे तोंडी कथा रंगवून सांगणाऱ्यांनी, नंतर रचला. लखनौच्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्यानं १८८३ ते १८९३ या दहा वर्षांत तो सात खंडांत छापला. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे तीन अहमद हुसेन कमर यांचे. सगळी मिळून आठ हजारांच्या आसपास पानं. मुसलमानांची ही दास्तान एका हिंदू मुद्रकानं छापली आणि ती खपली दोन्हीकडे, हे त्या काळात कुणाला सांगण्यासारखंही वाटलं नसावं.

आता राज्याकडे वळू. होशरुबाचा बादशहा अफ्रासियाब. हा मोठा जादूगार, पण गादीचा खरा वारस नाही. खरा बादशहा लाचीन, त्याला कैदेत टाकून हा बसलेला आहे. म्हणजे पहिल्याच पानावर राजकारण सुरू. मुलखाचे तीन भाग. एक जाहीर, म्हणजे उघडा, जो साध्या माणसाच्या डोळ्यांना दिसतो. दुसरा बातिन, म्हणजे गुप्त, तिथं बादशहाचे अमीर-उमराव राहतात. तिसरा जुलमात, काळोखाचा प्रदेश. उघड्या आणि गुप्त भागांच्या मधून रक्ताची नदी वाहते आणि तिच्यावर धुराचा पूल आहे. राजधानी आणि रयत यांच्यामधलं अंतर इतकं चोख मांडलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. मंत्रालयात एखादं काम घेऊन गेलेल्या माणसाला तो धुराचा पूल लगेच ओळखू येईल.

शेजारच्या राजाला अफ्रासियाबची मदत हवी असेल तर काय करायचं? सरहद्दीवर एक डोंगर आहे. तिथं अर्ज ठेवायचा आणि नगारा वाजवायचा. एक जादूचा पंजा येतो, अर्ज उचलतो, निघून जातो. पुढे काय झालं ते कळायला थांबायचं. बादशहाला बातमी हवी असेल तर त्याच्याकडे सामरीचं पुस्तक आहे. पान उघडलं की आत्ता कुठं काय चाललंय ते अक्षरांत उमटतं. गंमत अशी की पुस्तक खरं तेच सांगतं, पण बादशहा ते वेळेवर उघडत नाही. मैफल चालू असते, राणी हैरत शेजारी असते, आणि शत्रूचा हेर समोर साकी होऊन पेला भरत असतो. गुप्तचर खातं उत्तम, फक्त अहवाल वाचायला कुणाला सवड नाही.

आणखी एक कायदा मला फार आवडतो. होशरुबात जादूगार मेला की तो गुपचूप मरत नाही. आकाश काळं होतं, वादळ उठतं, दगड आणि आगीचा पाऊस पडतो, आणि त्या गदारोळातून एक आवाज येतो की मला मारलं, माझं नाव अमुक होतं. तो किरकोळ शिपाई असला तरी. त्या राज्यात कुणीही बिननावानं मरत नाही. आपल्याकडे लढाईत शंभर माणसं पडली की बखरकार ‘बहुत लोक कामास आले’ असं लिहून पुढं जातो. दास्तानीत मात्र पडलेल्या प्रत्येकाची नोंद आभाळ ठेवतं, आणि तीही शत्रूच्या बाजूच्या माणसाची.

पण सगळ्यात विलक्षण गोष्ट म्हणजे या साम्राज्याला आपला शेवट ठाऊक आहे. ज्या जादूगारांनी ते बांधलं त्यांनी बांधतानाच ठरवून ठेवलं की याचं आयुष्य इतकं, आणि अमुक माणूस ते उकलणार. उकलण्याची रीत एका पाटीवर लिहिलेली आहे. तिला लौह म्हणतात. अफ्रासियाबला हे माहीत आहे. तो ती पाटी लपवतो, उकलणाऱ्या शहजादा असदला पकडतो, आपल्यासारखी दिसणारी माणसं तयार ठेवतो. थोडक्यात, तारीख पुढं ढकलत राहतो. त्याच्या सगळ्या राजकारणाचा अर्थ एवढाच.

हे लखनौत छापलं गेलं, आणि कधी, तर १८८३ साली. इंग्रजांनी अवध खालसा केलं १८५६ मध्ये आणि दुसऱ्या वर्षी सत्तावनचा वणवा पेटला. पंचवीस-सव्वीस वर्षांनी, ज्या लोकांनी नवाबाला कलकत्त्याकडे जाताना पाहिलं होतं किंवा निदान बापाच्या तोंडून ऐकलं होतं, ते संध्याकाळी बसून ऐकत होते एका राज्याची गोष्ट, जे कितीही झगमगीत असलं तरी संपणारच आहे. मला वाटतं, त्यांना त्यात दोन सुखं मिळत असावीत. एक, गेलेला दरबार पुन्हा पाहायला मिळतो, दस्तरखान, पोशाख, हुक्का, सगळं. आणि दुसरं, डोक्यावर बसलेल्या नव्या बादशहाचीही पाटी कुठंतरी लिहून ठेवलेली असेल, ही आशा. अभ्यासक याला काय म्हणतील ते म्हणोत, मी वाचक म्हणून सांगतो.

आमच्या घरी हे खंड होते. सगळे नव्हते, चार होते. माझे आजोबा, ज्यांना आम्ही बडे अब्बा म्हणायचो, तरुणपणी बोटीवर खलाशी होते. मुंबईत भेंडीबाजारातून त्यांनी ते एकेक करून आणले होते. इशाच्या नमाजानंतर पडवीत कंदील लावायचा आणि बडे अब्बा वाचायचे. लखनौची नटवी उर्दू आमच्या डोक्यावरून जायची. मग ते अर्थ कोकणीत सांगायचे. त्यामुळे माझ्या कानात अफ्रासियाब दिवेआगरच्या बोलीतच बोलतो. रक्ताची नदी म्हटलं की मला भरतीची खाडी दिसते, आणि धुराचा पूल म्हणजे पहाटे पोफळींच्या वाडीतून निघणारा चुलीचा धूर. बडे अब्बा हुशार होते. शृंगाराची पानं आली की त्यांना हटकून खोकला यायचा आणि दोन पानं एकदम उलटली जायची.

त्या पडवीत सगळ्यात लाडका होता अमर अय्यार. अय्यार म्हणजे वेषांतर करणारा, ठकवणारा, चोरवाटा जाणणारा हेर. अमर हमजाचा बालमित्र, पण वीर नव्हे. कमालीचा चिक्कू. काम सांगितलं की आधी पैसे विचारणार. त्याच्याकडे एक पोतडी आहे, झंबील, तिच्यात माणसं, तंबू, शहरंसुद्धा मावतात, आणि तरी तो पडलेली कवडी उचलून तिच्यात टाकतो. पांघरलं की माणूस दिसेनासा होईल असं घोंगडंही त्याच्याकडे आहे. जादूगारांची बलाढ्य फौज त्याच्यापुढं हरते, कारण त्यांच्याकडे मंत्र आहेत आणि त्याच्याकडे अक्कल. म्हातारी दाई, गवई, हज्जाम, काहीही बनून तो आत शिरतो.

आणि आता जरा अवघड गोष्ट. दास्तानीत हमजाची फौज ही ईमानवाल्यांची, आणि समोरचे जादूगार सामरी-जमशेदची आण घेणारे, म्हणजे काफर. हे लपवण्यात अर्थ नाही. पडवीत बसलेल्या पोरांना आपली बाजू कुठली ते आपोआप कळायचं. पण वाचत गेलात तर दास्तान त्या आखणीला जुमानत नाही. होशरुबाशी लढणारं सैन्य कुठून येतं? हमजा तर लांब आपल्या लढाईत गुंतलेला आहे. असद लवकरच कैदेत पडतो. लढा उभा राहतो तो माहरुख नावाच्या एका ज्येष्ठ जादूगारणीच्या जिवावर. तिच्या नातीनं शहजाद्यावर प्रेम केलं म्हणून बादशहानं नातीला धरलं, तेव्हा ही बाई उलटली. अमरनं तिलाच बंडवाल्यांची मलिका केलं. मग आली बहार, खुद्द राणी हैरतची बहीण. तिची जादू अशी की ती फुलांचा गुच्छ फेकते, रणांगणात वसंत येतो आणि शत्रूचे शिपाई शस्त्रं टाकून शेर म्हणत वेडे होतात. कवी म्हणून मला याहून चांगलं शस्त्र ठाऊक नाही. म्हणजे साम्राज्य पाडायला निघालेली माणसं मुख्यतः त्या साम्राज्याचीच. तीच जादू, तेच कपडे, तीच भाषा. वाचकाला ‘आपली’ म्हणून आठवतात त्या याच बायका.

मराठीकडे येऊ. काल्पनिक राज्याचं मराठीला वावडं कधीच नव्हतं. आपल्या छापील गद्याची सुरुवातच मुळी अशा राज्यांपासून होते. ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली बंगालमधल्या श्रीरामपूरला छापली गेली. १८६१ साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मराठीत आणायला घेतल्या, इंग्रजीवरून. पुण्याच्या एका शास्त्र्यानं बगदादच्या खलिफाला असं मराठी घडवलं की ‘सुरस आणि चमत्कारिक’ हा आपला वाक्प्रचारच होऊन बसला. त्याच १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ आली, १८६८ मध्ये रिसबुडांची ‘मंजुघोषा’. राजपुत्र, राजकन्या, कपटी प्रधान, भुयारं. पुढं टीकाकारांनी या कादंबऱ्यांना चांगलंच झोडपलं. काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी १८७२ मध्ये, राजवाड्यांनी १९०२ मध्ये. मधल्या काळात हरिभाऊ आले आणि गोष्ट पुण्याच्या वाड्यात, माजघरात उतरली. ते चांगलंच झालं. पण त्या धांदलीत अद्भुत राज्य आपण मुलांच्या हवाली करून मोकळे झालो, असं मला वाटतं. वाड्यातल्या विधवेचं दुःख सांगायला वास्तव हवं, हे खरं. पण सत्तेचं वेड सांगायला कधीकधी धुराचा पूलच लागतो.

मुलांच्या हवाली म्हणजे ‘चांदोबा’च्या. मद्रासहून निघणारा हा मासिक चांदोबा मराठीत १९५२ पासून यायचा. बोर्लीच्या एका दुकानात तो महिन्यातून एकदा, कधी दोन महिन्यांतून एकदा, पडायचा. राजाच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ, हे शंकर यांनी काढलेलं चित्र ज्यानं पाहिलं नाही असा माझ्या वयाचा मराठी वाचक विरळा. त्या राज्यांत राजा रात्री वेष पालटून फिरायचा आणि शहाणा शेतकरी त्याला दोन शब्द सुनवायचा. कारभार सोपा, न्याय झटपट. मला ते आवडायचं, पण मोठेपणी लक्षात आलं की तिथला राजा नेहमी मुळात चांगलाच असतो. चुकतो तो सल्लागार.

तसला भाबडेपणा आपल्या वगात नाही. आणि माझ्या मते मराठीतलं खरं काल्पनिक साम्राज्य म्हणजे वगातलं. त्याला नाव नाही, सरहद्द नाही, राजाचं घराणं कुणाला ठाऊक नाही. रंगमंचावर एक खुर्ची टाकली की झाला दरबार. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ आठवा. १९६५ साली ते रंगमंचावर आलं, दादा कोंडके हवालदार. गोष्ट काय, तर राज्यात कोतवालाची जागा रिकामी झाली आहे. हवालदाराला वाटतं आपला नंबर, पण प्रधान आपल्या मेव्हण्याला तिथं बसवतो. बस्स. राक्षस नाही, चेटकीण नाही, जादू नाही. बढती आणि वशिला. पुढं हवालदार आणि मैना मिळून कोतवाल, प्रधान आणि राजा या तिघांचीही जी गाळण उडवतात ते तुम्हाला माहीत आहे. महाराष्ट्र राज्य १९६० साली झालेलं, जिल्हा परिषदा १९६२ मध्ये आलेल्या. पाटलांना, मास्तरांना, तलाठ्यांना बदली-बढतीची नवी शाळा नुकतीच कळायला लागली होती. असं असताना नाव नसलेल्या राज्यातली कोतवालाची खुर्ची कुणाची, हे प्रेक्षकांना समजावून सांगावं लागत नव्हतं. परगावचा प्रयोग असला की संवादात तिथल्याच आमदाराचा चिमटा निघायचा.

आता या दरबारातल्या हुद्द्यांची नावं पाहा. हवालदार, कोतवाल, शिपाई, दरबार, फर्मान, खजिना. ‘प्रधान’ तेवढा संस्कृत, बाकी बहुतेक फारसी-अरबी. शिवछत्रपतींनी रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात तेराशेहून अधिक यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्याला स्वतःची भाषा हवी, हा त्यामागचा विचार मोठा होता आणि त्या काळाच्या मानानं पुढचाही. पण तमाशाच्या फडावर तीनशे वर्षांनीही कोतवाल कोतवालच राहिला. रयतेच्या जिभेनं जे ठेवायचं ते ठेवलं. मला कुणी विचारलं की तुम्ही मुसलमान, मग मराठीत कसे काय लिहिता, तर मी म्हणतो, हवालदाराला विचारा. हा प्रश्न अजूनही विचारला जातो बरं का. विचारणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो.

शाळेत असताना मला दरवर्षी स्नेहसंमेलनात एकच भूमिका मिळायची. अफझलखान. एका वर्षी शाहिस्तेखान, तेवढीच बढती. मी अंगानं काडी, खानाच्या पोटाला उशी बांधावी लागायची. गुरुजींच्या मनात काही वाईट नव्हतं, त्यांना वाटायचं की याला उर्दू येतं, हा ‘या अल्ला’ नीट म्हणेल. मी म्हणायचोही झकास. टाळ्या मिळायच्या. घरी आलो की रात्री पडवीत मी हमजाच्या फौजेत असायचो, आणि दिवसा शाळेत अफ्रासियाबच्या. एकाच पोरानं दोन्ही तंबूंत जेवावं, अशी ही व्यवस्था होती. त्यामुळे असेल, काल्पनिक राज्याची गोष्ट हाती आली की मी आधी पाहतो, यात शत्रूला नाव दिलंय का, त्याला घर आहे का, त्याच्या घरात कुणी उलटून उभं राहतं का. हल्ली पडद्यावर आणि छोट्या पडद्यावर जी भव्य साम्राज्यं दिसतात, देशी काय आणि परदेशी काय, त्यांत शत्रू काळ्या कपड्यांत येतो, आरोळी ठोकतो आणि हजारांनी मरतो. त्याच्या मरणाची आकाशात ललकारी होत नाही. मला वाटतं, लखनौचे दास्तानगो याबाबतीत पुष्कळ पुढं होते.

कल्पनेची राज्यं पाहायला आम्हा किनाऱ्यावरच्यांना तसं लांब जायची गरज नाही. दिवेआगरच्या उत्तरेला मुरूडचा जंजिरा. समुद्रात उभा किल्ला, आफ्रिकेतून आलेल्या सिद्दींचं राज्य, आणि दीर्घकाळ गादी नुसती बापाकडून मुलाकडे न जाता सरदारांत जो श्रेष्ठ त्याच्याकडे. शिवछत्रपतींनी त्याच्यासमोर पद्मदुर्ग बांधला, संभाजीराजांनी १६८२ मध्ये समुद्रात दगड टाकून वाट बांधायचा घाट घातला. तरी किल्ला शाबूत राहिला. हे एखाद्या दास्तानीत असतं तर आपण म्हटलं असतं, लेखकानं जरा ताणलंय. १९४८ साली संस्थान विलीन झालं. आमचं गाव त्याच संस्थानातलं. बडे अब्बांच्या पिढीनं नवाबाचा अंमल पाहिलेला, त्यामुळे बादशहा या प्राण्याबद्दल त्यांना फारसं नवल नव्हतं. सारा भरताना जो भेटतो तो कारकून, बादशहा नव्हे, असं ते म्हणत.

त्याही मागं जायचं तर दिवेआगरचा ताम्रपट आहे, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांत त्याची गणना होते. राज्य तेव्हा शिलाहारांचं. पण ताम्रपटात लढाया नाहीत, गावातल्या माणसांच्या सोन्याच्या व्यवहाराची नोंद आहे. साम्राज्य गेलं, हिशेब उरला. आणि सोन्याचं म्हणाल तर १९९७ मध्ये आमच्याच गावात एका वाडीत खणताना तांब्याची पेटी निघाली आणि तिच्यात सोन्याचा गणपती. गाव रातोरात बदललं, रस्ता झाला, खानावळी झाल्या. २०१२ च्या मार्चमध्ये दरोडा पडला, देवळाचे दोन राखणदार मारले गेले आणि मूर्ती गेली. दास्तानीत खजिना निघतो तिथं राखणीला साप असतो. इथं राखणीला दोन साधी माणसं होती. या गोष्टीवर मी कविता लिहू शकलेलो नाही.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हा सगळा पट्टा त्यानं झोपवला. पोफळी काडीसारख्या मोडल्या. माडाचं पीक परत यायला किती वर्षं लागतात ते बागायतदाराला विचारा. आमच्या घराची कौलं गेली आणि पाऊस सरळ माळ्यावर. बडे अब्बांचे चारही खंड भिजले. दोन वाळवून वाचले, दोनांची पानं अशी चिकटली की उघडताना लगदाच हाती यावा. होशरुबा आज बाजारात मिळतो, इंटरनेटवरही मिळतो, तेव्हा मजकूर गेला असं काही नाही. पण ज्या पानांवर त्यांच्या खोकल्याच्या खुणा होत्या, कोपरा दुमडलेला होता, ती गेली. त्या पावसाळ्यात टाळेबंदी होती, वीज महिनाभर नव्हती. उरलेल्या दोन खंडांतले काही प्रसंग मी मराठीत करायला घेतले, ते काम अजून चालू आहे.

भाषांतरात गंमत आणि डोकेदुखी दोन्ही. ‘तिलिस्म’ला काय म्हणायचं? मायानगरी म्हटलं तर लोकांना मुंबई आठवते. इंद्रजाल म्हटलं तर त्यात राज्य येत नाही, नुसता खेळ येतो. शेवटी तिलिस्मच ठेवलं, ‘चंद्रकांता’ मालिकेनं १९९४ पासून तो शब्द घरोघर पोचवलाच आहे. ‘लौह’ला पाटी हा शब्द मला मनापासून आवडला, कारण पाटीवर लिहिलेलं पुसताही येतं, आणि अफ्रासियाबची सगळी धडपड तीच. झंबीलला पोतडी बरोबर बसते. पण ‘अय्यार’ अडला. हेर म्हटलं तर तो सरकारी होतो. ठक म्हटलं तर त्याची निष्ठा जाते. बहुरूपी जवळ येतो, पण आपला बहुरूपी दारात येऊन मागतो, अमर घरात शिरून नेतो.

यंदा शिमग्याच्या आधी शेजारच्या वाडीतल्या नमनवाल्या मंडळींपुढं मी अमर आणि बहार यांचा एक प्रसंग वाचून दाखवला. त्यांचे म्हातारे सूत्रधार, ज्यांना सगळे नाना म्हणतात, डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. वाचन संपल्यावर म्हणाले, “भाई, ह्यो अमर म्हंजे आपला हवालदारच की! निस्तं नाव वायलं.” मी अय्यार शब्दावर खर्च केलेले तीन महिने त्यांनी एका वाक्यात निकालात काढले. आता पुढच्या शिमग्याला नमनात गण-गवळण झाल्यावर जो वग उभा राहायचा, तो होशरुबाचा करायचं ठरतंय. अफ्रासियाबच्या दरबारात कोतवालाची जागा रिकामी होते आणि अमर अर्ज घेऊन येतो, इथपर्यंत लिहून झालंय. धुराचा पूल कसा दाखवायचा याची कुणाला चिंता नाही, शेणी पेटवल्या की झालं. वाद आहे तो अफ्रासियाब कोण होणार याचा. पोरं म्हणतात भाईंनाच उभं करा, त्यांना सवय आहे. नाना म्हणतात, छे, बादशहा आमच्या वाडीचा, भाईंनी हवालदार व्हायचं. मी अजून होकार दिलेला नाही, मानधन विचारलं आहे.